घमेले आणि गर्भसंस्कार

गर्भसंस्कार हा शब्द गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत रुळला. २००७ मध्ये डॉ. बालाजी तांबे यांचा 'आयुर्वेदीय गर्भसंस्कार' हा ग्रंथ आला आणि बाळाची चाहूल लागलेल्या घरी तो भेट देण्याची जणू प्रथाच पडली. राष्ट्र सेविका समितीशी संलग्न संवर्धिनी न्यासाने २०२३ मध्ये या विषयाला देशव्यापी उपक्रमाचे रूप देण्याचा संकल्प केला. मंत्रश्रवण, सद्ग्रंथांचे वाचन, प्राणायाम, सात्त्विक आहार, प्रसन्न चित्त हे सारे स्वागतार्हच आहे. मातेच्या उदरात वाढणारा जीव संस्कारक्षम असतो ही या भूमीची जुनी धारणा आहे आणि तिची आठवण नव्या पिढीला करून देणे हे समाजाचे काम आहे. परंतु नागपुरातील एखाद्या गर्भसंस्कार वर्गाच्या खिडकीतून समोर उभ्या राहत असलेल्या इमारतीकडे कुणी पाहिले, तर आठव्या महिन्याचे पोट सावरीत, डोक्यावर रेतीचे घमेले घेऊन कच्चा जिना चढणारी एखादी छत्तीसगढी माउली दृष्टीस पडणे मुळीच अशक्य नाही. तिच्या उदरातील जीवावर त्या क्षणी काय परिणाम होत असतो, हा प्रश्न मात्र अशा वर्गांत क्वचितच विचारला जातो.

गर्भवतीने श्रम करावेत की करू नयेत, याविषयी आपल्याकडे परस्परांना छेद देणाऱ्या समजुती सुखेनैव नांदतात. शहरातील सुखवस्तू घरात सुनेला दिवस राहिले की तिने काडी इकडची तिकडे करू नये, असा दंडक घातला जातो. त्याच घरी धुणीभांडी करणारी बाई नवव्या महिन्यापर्यंत येत राहिली, तर "काम केले की बाळंतपण सोपे जाते" असे प्रशस्तिपत्र तिला मिळते. एकच शरीरशास्त्र दोन स्त्रियांना दोन निरनिराळे नियम लावते, असे मानण्याइतका सोयीस्कर भोळेपणा दुसरा नसेल! अलीकडे यात तिसऱ्या समजुतीची भर पडली आहे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पूर्ण दिवसांची एखादी तारका जड वजने उचलताना दिसते आणि आपणही तसेच केले पाहिजे, असे काही तरुण भगिनींना वाटू लागते.

वैद्यकशास्त्र याबाबत आज पुष्कळ स्पष्ट बोलते. निरोगी गर्भवतीने आठवड्याला सुमारे दीडशे मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले. चालणे, पोहणे, जाणकाराच्या देखरेखीखालील योगासने यांनी गर्भकाळातील मधुमेहाचा आणि रक्तदाबाच्या विकारांचा धोका कमी होतो, मनही उल्हसित राहते. मध्यम व्यायाम कोणता, याची खूण सोपी आहे : व्यायाम करता करता बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागू लागली की मर्यादा ओलांडली. शेवटच्या महिन्यांत पाठीवर उताणे पडून करावयाचे व्यायाम टाळावेत, कारण गर्भाशयाच्या भाराने हृदयाकडे परतणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीवर दाब येतो. रक्तस्राव झाला, अंगावरून पाणी गेले, भोवळ आली, वेळेआधी कळा सुरू झाल्या किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर तत्क्षणी थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. ज्यांची वार खाली सरकलेली आहे, ज्यांचा रक्तदाब चढलेला आहे किंवा ज्यांच्या रक्तात लोहाची फार कमतरता आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून व्यायामाचे धाडस करू नये.

स्त्रीने सबल व्हावे, हा आग्रह या परिसराला नवा नाही. १९३६ च्या विजयादशमीला वर्ध्यात लक्ष्मीबाई केळकर अर्थात वंदनीय मावशींनी राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली, तेव्हा मुलींनी मैदानावर उतरून शारीरिक शिक्षण घेणे हीच समाजाला धक्का देणारी गोष्ट होती. बलाची ही उपासना मातृत्वाच्या आड येत नाही. मर्यादा येते ती श्रमाच्या तीव्रतेची आणि तो श्रम करणारीच्या पोटात अन्न किती, याची.

तीव्र श्रमात नेमके काय घडते? स्नायू जोराने काम करू लागले की रक्ताचा ओघ तिकडे वळतो आणि गर्भाशयाकडे जाणारा प्रवाह त्या प्रमाणात घटतो. मध्यम श्रमात निरोगी गर्भ हे सहज सोसतो. वार अधिक प्राणवायू शोषून घेते आणि उणीव भरून निघते. पण या भरपाईला सीमा आहे. नॉर्वेतील संशोधकांनी २०१२ मध्ये ऑलिंपिक दर्जाच्या सहा गर्भवती खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. या स्त्रिया आपल्या कमाल हृदयगतीच्या ९० टक्क्यांपलीकडे गेल्या, तेव्हा गर्भाशयाचा रक्तप्रवाह निम्म्याहून खाली आला आणि बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावले. व्यायाम थांबताच ते पूर्ववत झाले. सहाच खेळाडूंची ही पाहणी असल्याने तिच्यावरून मोठे सिद्धांत मांडणे बरे नव्हे. पुढे २०१९ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, त्यात शेवटच्या तिमाहीतील जोमदार व्यायामही बहुतेक निरोगी स्त्रियांना बाधत नाही, असेच दिसले. मात्र हे निष्कर्ष ज्यांच्यावरून काढले गेले त्या स्त्रिया कोण, हे पाहिले पाहिजे. त्या पोटभर जेवतात, स्वेच्छेने व्यायाम करतात, दमल्या की थांबतात, पाणी पितात, घरी जाऊन आडव्या होतात. पाश्चात्त्य देशांतील ही चर्चा मुख्यतः व्यायामशाळेतल्या गर्भवतीची आहे. ती जशीच्या तशी उचलून येथील मजूर स्त्रीला लावणे म्हणजे शुद्ध बौद्धिक आळस होय. कारण थांबण्याचे स्वातंत्र्य हाच व्यायामाचा आणि काबाडकष्टांचा भेद आहे.

सुदैवाने येथील मातेविषयी येथेच झालेले एक मोलाचे संशोधन उपलब्ध आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुणे परिसरातील सहा खेड्यांमधील गर्भवतींचा दीर्घकालीन अभ्यास आरंभला. इंग्लंडमधील साउदम्प्टनचे संशोधक त्यात सहभागी होते. या खेड्यांतील स्त्रियांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते आणि त्यांच्या बाळांचे सुमारे २.७ किलो. त्याच अभ्यासाचा भाग म्हणून आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी या स्त्रियांच्या श्रमांचे मोजमाप केले. त्यासाठी परदेशी प्रश्नावली वापरली नाही, हे विशेष. खेड्यातील बाई दिवसभरात काय काय करते, हे बायकांच्याच तोंडून ऐकून प्रश्न तयार केले : विहिरीवरून पाणी आणणे, धुणे धुणे, शेतातली कामे, घरातली कामे. मग गर्भारपणाच्या अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास सुमारे आठशे स्त्रियांना ते विचारले गेले.

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेले या पाहणीचे निष्कर्ष प्रत्येक धोरणकर्त्याने वाचावेत असे आहेत. जितके श्रम अधिक, तितकी गर्भारपणातील मातेची वजनवाढ कमी. श्रम अधिक असलेल्या मातांची बाळे वजनाने कमी होती, त्यांच्या डोक्याचा आणि दंडाचा घेरही कमी भरला. यात ठळकपणे पुढे आलेली कामे कोणती? विहिरीवरून पाणी आणणे आणि कपडे धुणे. ज्यांना कुणी काम म्हणूनही मोजत नाही, मजुरीच्या वहीत ज्यांची नोंद होत नाही, तीच! याच अभ्यासमालेत असेही आढळले की, दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे ज्यांच्या खाण्यात अधिक होती, त्यांची बाळे अधिक भरलेली होती. आईने खाल्लेल्या अन्नात वाटेकरी दोनच, तिचे श्रम आणि तिचे बाळ. पहिला वाटेकरी अधिक घेऊन गेला, तर दुसऱ्याला उरते ते कमी. अठ्ठाविसाव्या आठवड्यात बाळ जेमतेम एक किलोचे असते. पुढच्या बारा आठवड्यांत त्याने दोन किलो कमवावयाचे असतात, आणि नेमके याच काळात आईच्या डोक्यावर घागर असते किंवा घमेले. कमी वजनाने जन्मलेल्या बाळांना पुढील आयुष्यात मधुमेह आणि हृदयविकार लवकर गाठतात, हे डॉ. याज्ञिक यांच्या आयुष्यभराच्या संशोधनाचे सूत्र आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात सुमारे १८ टक्के बाळे अडीच किलोहून कमी वजनाची जन्मतात आणि निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. बलशाली भारताची भाषा बोलणाऱ्यांनी हे आकडे विसरून चालणार नाही.

आपल्या आचार्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाला अपाय करणाऱ्या गोष्टींची जी गणना आहे, तीत उकिडवे बसणे, उंचसखल वा कठीण आसन, मलमूत्राचे वेग अडवून धरणे, अपुरे जेवण आणि दारुण, अनुचित व्यायाम हे सारे एका ओळीने येते. पुन्हा वाचावे : उकिडवे बसणे, लघवी अडवणे, अर्धपोटी राहणे, शक्तीबाहेर कष्ट. ही यादी जणू बांधकामाच्या जागेवर उभे राहूनच लिहिली आहे! तेलाने काठोकाठ भरलेले पात्र हिंदकळू न देता न्यावे, तसे गर्भिणीला सांभाळावे, असे चरकाचार्य सुचवितात. सुश्रुताने तर गर्भ राहिल्यापासूनच व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. त्या बाबतीत आजचे शास्त्र पुढे गेले आहे आणि निरोगी स्त्रीने हिंडते-फिरते असावे, हेच आज प्रमाण मानले पाहिजे. जुने ते सगळे जसेच्या तसे सोने, असा हट्ट धरण्याचे कारण नाही. पण चरकाने वापरलेली दोन विशेषणे, दारुण आणि अनुचित, आजही एखाद्या तज्ज्ञ समितीच्या अहवालात शोभतील.

शास्त्राने सांगितले ते समाजाने रीतीत उतरविले. सातव्या महिन्यात डोहाळजेवण, त्यानंतर पहिल्या बाळंतपणासाठी लेकीने माहेरी जाणे, सव्वा महिना तिला ओल्या अंगाची म्हणून कामापासून दूर ठेवणे, या चालीरीतींकडे केवळ जुनाट म्हणून पाहणाऱ्या पुरोगाम्यांची आपल्याकडे वाण नाही. त्यांनी हिशेब करून पाहावा. सासरच्या विहिरीवरून आणि शेतावरून गर्भवतीला शेवटच्या तिमाहीत सोडवून आणणारी ती भरपगारी रजाच होती. पगार माहेर देत होते, इतकेच. मात्र दुसरी बाजूही तितक्याच प्रांजळपणे सांगितली पाहिजे. ही रजा सर्वांना कधीच मिळाली नाही. ज्यांचे माहेरही हातावर पोट असणारे, त्यांच्या लेकी तेव्हाही शेवटच्या दिवसापर्यंत राबत होत्या आणि आज तर माहेर बिलासपूरला अन् काम नागपूरला, अशी स्थिती आहे.

नागपूरचा गेल्या दोन दशकांतला कायापालट, मिहान, मेट्रो, सिमेंटचे रस्ते, चहूकडे उभ्या राहिलेल्या वसाहती, कुणाच्या श्रमांवर झाला? सकाळी ठिय्यावर उभे राहणाऱ्या जोडप्यांच्या. शहराबाहेर वीटभट्ट्या आहेत. भंडारा-गोंदियाच्या झाडीपट्टीत आषाढ-श्रावणात रोवणीला उतरलेल्या बाया गुडघाभर चिखलात दिवसभर कंबरेत वाकून धानाचे पऱ्हे लावतात. मिरची सातऱ्यावर दिवस दिवस बैठक मोडता येत नाही, कारण मजुरी किलोवर असते. तेंदूपाने तर ऐन वैशाखात तोडावी लागतात, जेव्हा विदर्भाचा पारा ४५ अंशांकडे झेपावतो. श्रमाला उष्म्याची जोड मिळाली की धोका वाढतो. आईचे अंग तापले की बाळ तिच्याहूनही अधिक तापते, त्याला घाम गाळून निवण्याची सोय नाही. तामिळनाडूतील सुमारे ८०० गर्भवतींचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कामाच्या जागी तीव्र उष्मा सोसणाऱ्या स्त्रियांत गर्भ दगावण्याचा धोका जवळपास दुप्पट आढळला. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या भगिनींची कथा तर सर्वश्रुत आहे. तेथे नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, उचल आधीच घेतलेली असते आणि खाडा झाला की दंड. अशा कोयत्यातला अर्धा भाग सातव्या महिन्यात विसावा कोणाच्या बळावर घेणार?

कायदा काय म्हणतो? या प्रश्नाचा इतिहास या प्रांताला अभिमान वाटावा असा आहे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतीच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याचे प्रतिपादन केले. त्याचा भार मुख्यतः शासनाने उचलावा, पण तिच्या श्रमांचा लाभ मालक घेतो म्हणून त्यानेही वाटा द्यावा, ही त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात आणि १९३० मध्ये, नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्य प्रांतात, असे कायदे झाले. १९६१ मध्ये देशभरासाठी एक कायदा आला, २०१७ मध्ये भरपगारी रजा २६ आठवड्यांवर गेली आणि आता हा सारा विषय २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला आहे. त्यातील एक जुनी तरतूद तशीच पुढे आली आहे. प्रसूतीच्या अपेक्षित दिवसाआधीच्या सहा आठवड्यांपूर्वीच्या एका महिन्यात गर्भवतीला कष्टाचे किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम देऊ नये.

तरतूद चांगली आहे, पण तीत तीन छिद्रे आहेत. हे संरक्षण साधारण तिसाव्या आठवड्यापासून सुरू होते, पुण्याच्या पाहणीत श्रमांचा परिणाम त्याआधीच्याच श्रमांशी जोडलेला दिसला होता. दुसरे असे की, हे संरक्षण मिळते ते 'तिने विनंती केल्यास'. ठिय्यावरच्या बाईने मुकादमाला अशी विनंती केली, तर उद्या तिच्या जागी दुसरी उभी असते. आणि तिसरे छिद्र तर सर्वांत मोठे. कारखाने, खाणी, मळे आणि दहा किंवा अधिक कामगारांची आस्थापने यांच्याबाहेर हा कायदा पोहोचतच नाही. देशातील बहुसंख्य श्रमिक स्त्रिया नेमक्या त्या बाहेरच्या परिघात आहेत.

त्यांच्यासाठी योजना आहेत आणि त्यांचे श्रेय संबंधित सरकारांना दिलेच पाहिजे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये थेट मातेच्या खात्यात जमा होतात, दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. राज्यातील आदिवासी भागांत अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातांना रोज एक चौरस जेवण दिले जाते, ही तर अन्नपूर्णेचीच कल्पना होय. पण मातेसाठी किमान ६,००० रुपयांची तरतूद २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात आली, तेव्हापासून हा आकडा जागचा हललेला नाही. दिवसाची मजुरी ४०० रुपये धरली, तर ५,००० रुपये म्हणजे साडेबारा दिवसांची मजुरी. बारा आठवड्यांच्या विसाव्यासाठी साडेबारा दिवस! शिवाय त्यातील दुसरा हप्ता बाळाच्या जन्माची नोंद आणि लसीकरण झाल्यावर येतो. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचे प्रसूती साहाय्य, नैसर्गिक प्रसूतीला १५,००० आणि शस्त्रक्रियेला २०,००० रुपये, हेही बाळंतपणानंतरचे आहे आणि त्यासाठी आधी वर्षात ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र आणून नोंदणी करावी लागते. गाव सोडून आलेल्या, आज एका ठेकेदाराकडे तर उद्या दुसऱ्याकडे जाणाऱ्या स्त्रीला हे प्रमाणपत्र मिळविणे घमेले उचलण्यापेक्षा जड जाते. पैसा बाळंतपणानंतर आला, तर त्याने बाळंतविडा होईल, हरपलेले वजन परत येणार नाही.

अंत्योदयाचा विचार मांडणाऱ्यांवर या बाबतीत अधिक जबाबदारी आहे. नागपुरात सेवावस्त्यांमध्ये जाणाऱ्या कार्यकर्त्या भगिनींचे जाळे आहे, गर्भसंस्काराचे वर्ग चालविणाऱ्या वैद्य आणि डॉक्टर आहेत, कामगारांत काम करणारे लोक आहेत. बांधकामाच्या जागेवर सातव्या महिन्यापासून गर्भवतीला ओझ्याऐवजी बसून करण्याचे हलके काम त्याच मजुरीवर द्यावे, एवढा आग्रह बांधकाम व्यावसायिकांकडे धरण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. या व्यावसायिकांपैकी अनेक जण सामाजिक कार्यक्रमांच्या मंचावर हार स्वीकारताना दिसतात, तेव्हा ओळख काढावी लागणार नाही. मंडळाच्या नोंदणीचे अर्ज वस्तीत बसून भरून देणे, प्रसूती साहाय्याचा मोठा भाग बाळंतपणाआधी, सातव्या महिन्यापासून दरमहा द्यावा म्हणून शासनाकडे पाठपुरावा करणे, हीही कामे याच जाळ्याची.

यासाठी पैसा कोठून आणायचा, असा प्रश्न मंत्रालयातून हमखास येईल. उत्तर कायद्यातच आहे. उपकराच्या तरतुदीनुसार प्रत्येक मोठ्या बांधकामाच्या खर्चाच्या एक टक्का रक्कम बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी वसूल केली जाते. एक कोटी रुपये खर्चाच्या इमारतीमागे एक लाख. शेवटच्या बारा आठवड्यांतील आठवडी सुट्या वगळता ७२ दिवसांची मजुरी ४०० रुपयांच्या दराने २८,८०० रुपये होते. म्हणजे अशा एकाच इमारतीच्या उपकरातून तीन मातांना पूर्ण तिमाहीचा विसावा देऊनही तेरा-चौदा हजार रुपये शिल्लक राहतात, आणि एक कोटीत उभी राहणारी बहुमजली इमारत आजच्या नागपुरात शोधूनही सापडावयाची नाही.